पांढऱ्यावर पांढरं

बाईंकडे मण्यांचे दागिने शिकायला गेलं की आधी नखं दाखवावी लागत. मग हात धुवायचे, मांडीवर रुमाल पसरायचा आणि हजेरी. आम्ही सगळ्या चांगल्या थोराड, दोघी-तिघी तर लेकुरवाळ्या, तरी नाव पुकारलं की "हजर बाई" म्हणायचं. कुणी चुकून "येस" म्हटलं तर बाईंना ते ऐकूच यायचं नाही, त्या सरळ पुढचं नाव घेत. बडबड वाढली की त्या नुसतं "हाताची घडी" एवढंच म्हणत आणि आम्ही मुकाट्याने पुढचं पुरं करायचो. माझ्या शेजारी एक वहिनी बसायच्या. त्यांची मुलगी दहावीला होती. त्यासुद्धा तोंडावर बोट ठेवून गप्प बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

आयुष्यभर बाईंनी बालवाडी सांभाळली होती. नोकरी संपली, वर्गातली पोरं गेली, पण सवय कुठे जाणार? एकलहऱ्याच्या कॉलनीच्या मागच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत बालवाडीतून मोडीत निघालेले बुटके बाक आणून ठेवले होते. त्या बाकांवर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. मी एकदा म्हटलं, "बाई, सतरंजी टाकली तर?" त्या म्हणाल्या, "टाक की. घरी नेऊन टाक आणि तिथेच बस."

अशा होत्या. तोंडाने फटकळ, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात नाडीला बांधलेली कात्री. आज नाशकात मेनरोडच्या मागे माझं स्वतःचं मण्यांच्या दागिन्यांचं दुकान आहे. नवरीचे हार करून घ्यायला पार धुळ्याहून लोक येतात. कुणी विचारलं, कोर्स कुठे केला, तर मी अभिमानाने सांगते, बालवाडीत.

मी बाईंकडे गेले ती ताईपायी. ताईचं लग्न कळवणच्या एका मास्तरांशी ठरलं होतं, आणि लग्न पुढच्या उन्हाळ्यात होतं. वडील औष्णिक वीजकेंद्रात फिटर, घर खाऊनपिऊन सुखी, पण दागिने म्हणावेत असे नव्हते. आणि खरं सांगायचं तर ताईला ते नकोच होते. तिने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "माझ्या गळ्यात माझ्या बहिणीच्या हातचं असेल. मण्यांचं असलं तरी चालेल."

झालं. सायखेड्याहून आत्या आली होती, ती हातातला चहा खाली ठेवून उठली. "मण्यावर पोरगी उभी करता व्हय? कळवणची मान्सं काय म्हन्तील? माझी बोरमाळ हाय की. ती घाल आन् गप उभी ऱ्हा."

आत्याची बोरमाळ म्हणजे तिचा जीव की प्राण. बोरांएवढ्या सोन्याच्या मण्यांची ती माळ ती स्वतःच्या सुनेलासुद्धा हात लावू द्यायची नाही. ती भाचीला द्यायला निघाली होती, यात माया होती हे आम्हाला कळत होतं. वडिलांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "आत्या, आपण असं करू. हिचं केलेलं गळ्यात उठून दिसलं तर हिचं घालीन. नाहीच दिसलं तर तुझी बोरमाळ." आत्या म्हणाली, "चालंल. पन मांडवात मी बोरमाळ घेऊन बसनार. गळा मोकळा दिसला की आलेच उठून."

ताईने माझ्यावर एवढा भरवसा टाकला खरा, पण मला त्या वेळी काय येत होतं? मण्यांचा पोपट, मण्यांचं तोरण आणि टीव्हीवर टाकायचा मण्यांचा रुमाल. तेही शेजारणीचं बघून, मणी मोजून, जसंच्या तसं. स्वतःच्या डोक्याने मी एक अंगठीसुद्धा केली नव्हती. माझ्या हातचं म्हणून ताईच्या गळ्यात दुसऱ्याचीच नक्कल पडली असती. ते मला नको होतं. म्हणून मी बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, मला दागिने करायला शिकवा."

बाई म्हणाल्या, "मी शिकवत नाही. मी अडवते. नखं दाखव."

त्यांचं अडवणं म्हणजे अट. दर शनिवारी दुपारी त्या प्रत्येकीला एक अट घालायच्या आणि पुढच्या शनिवारी त्या अटीत बसणारा दागिना करून आणायचा. अट एकदाच सांगणार. "काय म्हणालात बाई?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "गेली ती. आता तुझी तू शोध." कसं करायचं, कुठला दोरा घ्यायचा, गाठ कुठली मारायची, यातलं अक्षर सांगणार नाहीत. मणीसुद्धा सगळे एकाच मोठ्या पातेल्यात. लाल, हिरवे, काचेचे, लाकडी, बारीक, टपोरे, सगळी मिसळ. कुणीतरी हौसेने ते रंगांप्रमाणे डब्यांत भरून ठेवले होते. बाईंनी तिच्यादेखत ते डबे पुन्हा पातेल्यात ओतले आणि वर पळीने ढवळले. म्हणाल्या, "डब्यात ठेवलं की तुम्ही लालच्या डब्यातून लाल घेता. इथे हात घातला की लालबरोबर काय येईल ते येऊ द्या."

अटी तरी कशा. एकाच रंगाचे, एकाच मापाचे मणी वापर, पण माळ सपक दिसता कामा नये. फरशीवर सांडलेलं गोळा कर, त्यातच भागव. जिचा राग येतो तिच्यासाठी कानातले कर. ही शेवटची अट वहिनींना मिळाली होती. वहिनींनी सरळ सासूबाईंसाठी केले. मनातला सगळा राग काढून चांगले खांद्यापर्यंत लोंबणारे, भडक नारिंगी. सासूबाईंना ते इतके आवडले, की त्या ते घालून देवळात, बाजारात, डॉक्टरकडे, सगळीकडे जायला लागल्या. येईल त्याला सांगायच्या, "माझ्या सुनेनं केले." वहिनी शनिवारी येऊन डोक्याला हात लावून बसल्या. "बाई, आता भांडायला तोंडच राहिलं नाही हो." बाई इतक्या हसल्या, की पदराने डोळे पुसायला लागल्या.

पण अट फसली की मात्र खैर नव्हती. फसलेला दागिना तोडायची परवानगी नव्हती. तो करणारीने स्वतःच्या अंगावर घालून पुढच्या शनिवारपर्यंत मिरवायचा. "फसलंय ना? मग फसलेलं कसं दिसतं ते लोकांच्या तोंडावर वाच. माझं तोंड बघून काय कळणार तुला?" असं बाईंचं म्हणणं. कॉलनीत लोकांना ते माहीत झालं होतं. पाण्याच्या टाकीपाशी कुणाच्या गळ्यात काही विचित्र दिसलं, की बायका विचारायच्या, "काय गं, बाईंकडे नापास झालीस वाटतं?"

माझी पाळी लवकरच आली. अट होती, विकत न घेतलेल्या मण्यांची माळ. मी काय डोकं चालवलं, तर हरभरे. कोरड्या हरभऱ्यात सुई जाईना म्हणून रात्रभर भिजत घातले. सकाळी टम्म फुगलेले हरभरे अगदी लोण्यासारखे ओवले गेले. काय सुरेख माळ दिसत होती, तांबूस, तुकतुकीत. शनिवारी बाईंनी माळ हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "घाल. नापास." मला कळेना, का नापास. त्यांनी सांगितलं नाही. पावसाळ्याचे दिवस, हवा दमट, मला तेव्हा कॉलेजला नाशिकरोडला बसने जावं लागे. मंगळवारी सकाळी बसमध्ये माझ्या गळ्याला काहीतरी गुदगुल्या व्हायला लागल्या. हात लावून बघते तर मोड. पांढरे, कोवळे, चांगले बोटभर नाहीत पण नखाएवढे. कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला. "ताई," तो म्हणाला, "उसळ झाली की सांगा, पाव मी आणतो." सगळी बस हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी ती माळ काढली नाही. तो बाईंचा वचक म्हणा, नाहीतर माझा हट्टीपणा. शनिवारपर्यंत त्या मोडांना वास मारायला लागला होता.

बाईंनी मला बघितलं आणि पहिल्यांदा पाठीवर हात ठेवला. "आता काय कळलं?"

"वाळवायला पाहिजे होते."

"ते तर झालंच. अजून?"

मी विचार करून म्हटलं, "मणी जिवंत असतो हे ध्यानात घ्यायला पाहिजे. तो नंतर काय करणार हे आधी बघायला पाहिजे." बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "काढ ती आता. नाक बंद झालं माझं."

पास झालेल्या दागिन्यांचं त्या काय करायच्या, तेही सांगायला पाहिजे. ते त्या स्वतः घालायच्या. महिनाभरातले जेवढे पास झाले असतील तेवढे सगळे एकदम गळ्यात अडकवून त्या नाशिकरोडच्या बाजाराला निघायच्या. खाली साधी सुती साडी आणि वर माळांची ही रांग. भाजीवाल्या विचारायच्या, "बाई, आज कुणाकुणाच्या?" की बाई पिशवी खाली ठेवून एकेक माळ उचलून दाखवत, ही अमकीची, तिचे वडील कोळशाच्या विभागात, ही तमकीची, तिचं माहेर पेठकडचं. एकदा माझी पांढऱ्या-काळ्या मण्यांची माळ त्यांच्या गळ्यात होती आणि मी योगायोगाने तिथेच कोथिंबीर घेत होते. बाई मोठ्याने सांगत होत्या, "ही आमच्या फिटरच्या पोरीची. हिच्या गळ्यात मोड आले होते, आता हाताला आलेत." मी कोथिंबिरीच्या ढिगाआड तोंड लपवलं. पण घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्यांचं एक पालुपद होतं, "जमतंय म्हणजे थांबलीस." मला एकेरी विणीच्या माळा चांगल्या जमायला लागल्या होत्या. कॉलनीतल्या दोघी-चौघींनी मागणीही केली होती. मी खुशीत बाईंना ते सांगितलं, तर त्यांनी त्याच दिवशी माझ्या एकेरी विणीवर बंदी घातली. म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी डोळे मिटून बघता येईल अशी माळ आण."

बाईंच्या शेजारी एक आबा राहायचे. डोळ्यांनी दिसणं पार गेलेलं. या अटीचा निकाल ते देणार होते. मी जीव ओतून एक नागमोडी नक्षीची माळ केली. आबांनी ती बोटांनी दोन्ही टोकांपर्यंत चाचपली आणि म्हणाले, "पोरी, ही भिंत आहे. गुळगुळीत. यात नक्षी आहे हे तुझे डोळे सांगतात तुला." मी ती आठवडाभर मिरवली आणि पुन्हा बसले. यावेळी काही मणी वर उचलले. टपोऱ्या मण्याच्या खाली बारीक मण्यांचे पाय बसवले, म्हणजे तो मणी माळेवर बसण्याऐवजी उभा राहिला. काही मणी आत दाबले. आबांनी हात फिरवला आणि हसले. "इथे पायरी चढलो. इथे उतरलो. हे काय, ओढा का?" मी म्हटलं, हो आबा, ओढा. त्या दिवशी बाईंनी मला चहाबरोबर बिस्किट दिलं. बिस्किट म्हणजे बाईंकडे पद्मश्रीच.

असं करता करता लग्न महिन्यावर आलं. मी बाईंना ताईच्या हाराचं आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटलं विसरल्या. एका शनिवारी सगळ्यांच्या अटी सांगून झाल्या आणि माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या.

"ताई नेसणार काय?"

"पांढरी साडी. आमच्यात नवरी पांढरी नेसते. ब्लाऊजही पांढराच."

"मग हार पांढरा. पांढऱ्यावर पांढरं. दुसऱ्या रंगाचा एक मणी नाही. आणि लग्नात शेवटच्या खुर्चीवरून दिसला पाहिजे."

मी म्हटलं, "बाई, थोडं सोनेरी? नुसतं कडेला?"

"मग आत्याची बोरमाळ काय वाईट आहे?" असं म्हणून त्या आत चहा टाकायला निघून गेल्या.

मी घरी येऊन ताईला सांगितलं. वाटलं, ती चिडेल. लग्न तिचं, गळा तिचा, आणि अट घालणार बाई. पण ती विचारात पडली आणि म्हणाली, "मला आवडेल गं. लाल-हिरवा हार घातला तर लोकांना हार दिसेल. पांढऱ्यावर पांढरा दिसला तर मी दिसेन." मग म्हणाली, "पण जमलं नाही तर आत्याला दिलेला शब्द मी मोडणार नाही, हे लक्षात ठेव."

पहिला हार मी मोत्यांचा केला. हातात छान दिसला. आईच्या पांढऱ्या साडीवर ठेवला तर पिवळट. आई कपडे निळीच्या पाण्यातून काढायची. त्या निळसर पांढऱ्यापुढे माझे मोती मळके दिसायला लागले. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "याने दात घासले नाहीत वाटतं." दुसरा हार दुधी काचेच्या पांढऱ्याशुभ्र मण्यांचा केला. ताईला साडी नेसवून, हार घालून बोळाच्या टोकाला उभं केलं आणि मी लांब गेले. हार गायब. आत्या नेमकी तेव्हा आलेली होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "मोकळाच गळा दिसतोय गं पोरी." ती वाईट हेतूने म्हणाली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी त्या दिवशी जेवले नाही. ताईने हार काढून किती हळूच ठेवला ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी दोरीवरचे कपडे काढायला गेले. वडिलांचा पांढरा सदरा, आईची पांढरी साडी, दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही निळीतून काढलेले. दुपारी मीच ते वाळत घातले होते, तेव्हा सगळं नुसतं पांढरं होतं, डोळे दिपत होते. आता ऊन बाजूने येत होतं आणि साडीची एकेक चुणी, सदऱ्याच्या खिशाची शिवण, बटणाची भोकंसुद्धा वेगळी दिसत होती. पांढऱ्यावर पांढरं. रंग कुठलाच नव्हता, फक्त सावली होती. मी सदरा दोरीवर तसाच ठेवून घरात पळाले. आई ओरडली, "अगं कपडे!" पण ऐकतंय कोण.

सावली पाडायची तर मणी उभा राहायला पाहिजे, आणि मणी उभा कसा करायचा हे आबांच्या बोटांनी मला आधीच शिकवलं होतं. मी दुधी मण्यांचा हार नव्याने बांधायला घेतला. मोठे मणी बारीक मण्यांच्या पायांवर उचलले, त्यांच्या मध्ये साडी दिसेल अशी जागा मोकळी सोडली, कडेला मण्यांच्या पाकळ्या बाहेर वळवल्या. तंगूस, म्हणजे मणी ओवायचा नायलॉनचा दोरा, बोटात रुतून रुतून माझ्या बोटांना चिरा पडल्या. पण त्या दिवसांत मला कसलंही दुःख नव्हतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही करत होते, जे कुणाच्याच शेजारणीने केलेलं नव्हतं. हार झाला तेव्हा मी तो बाईंना दाखवायला नेला. त्यांनी हात मागे बांधले. "मला काय दाखवतेस? मी लग्नात शेवटच्या खुर्चीवर बसणार आहे. तिथून बघीन."

लग्न कॉलनीच्या समाजमंदिरात होतं, सकाळच्या वेळी. मी आधीच्या दोन सकाळी तिथे जाऊन बसले होते. ऊन पूर्वेच्या खिडक्यांतून आडवं येतं, ते बघून ठेवलं होतं. ताई आली. पांढरी साडी, केसांत मोगरा आणि गळ्यात माझा हार. खिडकीतल्या उजेडात ती दारातून आत येताना मीच बघत राहिले. पहिल्या रांगेत कळवणची मंडळी बसली होती, त्यांच्या शेजारी आत्या, आणि आत्याच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली बोरमाळ. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बाई.

आणि मग व्हिडिओवाला आला.

त्या काळात लग्न म्हटलं की शूटिंग हवंच. तो बरोबर ताईच्या समोर उभा राहिला आणि त्याच्या माणसाने तो भला मोठा लाईट डोक्यावर धरून लावला. काय सांगू, सगळी सावली पुसली गेली. चेहरा पांढरा, साडी पांढरी, हार कुठे आहे ते कळेना. कळवणच्या एक बाई शेजारणीच्या कानाशी लागल्या आणि दोघींनी ताईच्या गळ्याकडे बघितलं. आत्याने रुमालाची गाठ सोडली. ती उठायला लागली. ताईनेही ते बघितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचा हात गळ्याकडे गेला, शब्द दिलेला होता ना.

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. वाटलं, बाई काहीतरी करतील, एक हाक मारली असती तर तो व्हिडिओवाला लाईटसकट बाकावर बसला असता. बाई जागच्या हलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी तोवर चारचौघांत कधी मोठ्याने बोलले नव्हते. सगळ्या पाहुण्यांच्या मधून चालत गेले आणि व्हिडिओवाल्याला म्हटलं, "दादा, लाईट बाजूला घ्या. त्या खिडकीच्या अंगाला."

"ताई, अँगल बिघडतो. चेहऱ्यावर अंधार येईल."

"अर्ध्या चेहऱ्यावर येईल. येऊ द्या. समोरून लावायचा नाही."

"अहो, पण शूटिंग मी करतोय की तुम्ही?"

"तो हार मी केलाय," मी म्हटलं. "तो कसा दिसतो ते मला माहितेय, तुम्हाला नाही. आधी लाईट हलवा, मग बोला." माझा आवाज एवढा चढला, की बौद्धाचार्यांनीसुद्धा मान वळवली. लाईटवाल्या पोराने व्हिडिओवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तो मुकाट्याने खिडकीकडे सरकला.

उजेड बाजूने पडला आणि हार वर आला. प्रत्येक मण्याखाली सावली, प्रत्येक पाकळी वेगळी, ताईच्या श्वासाबरोबर हलणारी. सभागृहात कुजबुज झाली आणि ती मागे मागे सरकत गेली. मागच्या बाजूला कुणीतरी बाई विचारत होती, "अगंबाई, नवरीच्या गळ्यात काय गं ते?" तेवढं मला पुरे होतं. आत्या अर्धवट उठलेली तशीच उभी होती. ती ताईच्या गळ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दिसतंय गं," ती म्हणाली. "लय दिसतंय." मग तिने बोरमाळेकडे बघितलं, आता हिचं काय करावं असा जरा विचार केला आणि सरळ स्वतःच्याच गळ्यात घालून बसली. वंदना झाली, वधूवरांवर फुलांच्या पाकळ्या पडल्या. वडील तोवर सगळीकडे धावपळ करत होते, ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढंच म्हटलं, "आपल्या घरात आज काय झालं, ते बघितलं मी." माझे वडील इतकं एकदम कधी बोलत नसत.

पंगत बसली तेव्हा मी बुंदीची बादली घेऊन मुद्दाम बाईंच्या रांगेला गेले. त्या खाली मान घालून वरणभात कालवत होत्या. मी त्यांच्या पानात बुंदी वाढली आणि उभी राहिले.

"बाई, दिसलं?"

"दिसलं." मग घास गिळून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी तुला अट नाही."

मला वाटलं, झालं, काढलं मला वर्गातून. "का बाई? काही चुकलं?"

"आता तू घालायचीस. मला."

मला हसूच आलं. "मी? तुम्हाला काय अट घालणार मी?"

बाईंनी मान वर केली. त्या चिडल्या होत्या, खरोखरीच्या चिडल्या होत्या. "का? तुम्ही सगळ्या वाढायच्या आणि मी आहे तेवढीच राहू का?"

पंगतीत गडबड चालली होती, कुणी भात मागत होतं, कुणी पाणी. मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. मग मी जरा पुढे वाकले आणि म्हटलं, "लाल दिसलं पाहिजे. आणि लाल मणी एकही नको."

बाईंचा हात पानावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "चावट कुठली," त्या पुटपुटल्या. बुंदीला हातही न लावता त्या उठल्या, नळावर हात धुतले आणि चपला पायात सरकवून घराकडे निघाल्या. आई मागून हाका मारत होती, "अहो बाई, अजून मठ्ठा यायचाय." त्यांनी वळूनही बघितलं नाही. आई हळहळली, बाई अर्धपोटी गेल्या म्हणून. मी बादली उचलली आणि पुढच्या पानाकडे वळले. त्या दिवशी त्या पंगतीत माझ्याइतक्या ताठ मानेने कुणी वाढत नव्हतं.